उंबऱ्याच्या आत, धरणाच्या वर



आजचा विषय पाळीव कुत्र्या-मांजरांच्या आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूंचा आहे. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून समाजाविषयी, इतिहासाविषयी ऐकण्याची आपल्याला सवय असते. मग कुत्र्याच्या पोटातले जिवाणू इथे कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर देण्यातच पुढचा वेळ जाणार आहे, पण मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो. एका उंबऱ्याआड राहणारी माणसे आणि जनावरे यांची आतडी वेगवेगळी असली, तरी त्यांतली जिवाणूंची वस्ती पुष्कळ अंशी सामाईक असते. त्यामुळे कुत्र्याला घातलेली प्रतिजैविकाची गोळी त्या कुत्र्यापुरती राहत नाही. तिचा हिशेब घराच्या वहीत मांडावा लागतो, आणि पानशेत धरणाच्या वर राहणाऱ्यांना तो थोडा अधिक काळजीने मांडावा लागतो.

आधी आतड्यात काय घडते ते पाहू. माणसाच्या, कुत्र्याच्या, मांजराच्या, सगळ्यांच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात, आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी किंवा उपकारकच असतात. ई. कोलाय हा त्यांतला आपल्या परिचयाचा. अनुकूल परिस्थितीत तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. अशा वस्तीवर प्रतिजैविक पडले की त्या औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात आणि ज्यांच्याजवळ काही तोड असते ते उरतात. कोणाजवळ औषधाचा रेणूच फोडून टाकणारे विकर असते, कोणी औषध पेशीबाहेर उपसून टाकतो. शेजारी मेल्यामुळे जागा आणि अन्न मोकळे होते आणि उरलेल्यांची प्रजा वाढते. इथपर्यंत शाळेतल्या पुस्तकातही असते. खरी काळजीची गोष्ट पुढची आहे. प्रतिकार करण्याचे हे ज्ञान पुष्कळदा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रात नसते. ते प्लाझ्मिड नावाच्या छोट्या सुट्या कड्यावर असते, आणि एक जिवाणू दुसऱ्याला भिडून त्या कड्याची नक्कल त्याच्या हाती देऊ शकतो. दुसरा जिवाणू त्याच जातीचा असावा असेही बंधन नाही. एकाच कड्यावर चार-पाच औषधांचे प्रतिकार एकत्र बांधलेले असू शकतात, म्हणजे एक औषध वापरले तरी पाचांना दाद न देणारे जिवाणू वाढीला लागतात. आणि हे सारे चालू असताना कुत्रा शेपटी हलवत अंगणात हिंडत असतो. तो आजारी नसतो. तो फक्त वाहक असतो.

मग वाहक असण्याने बिघडते काय? आतड्यातला ई. कोलाय आतड्यात असेपर्यंत काहीच बिघडत नाही. पण माणसांत मूत्रमार्गाच्या संसर्गाचे सर्वांत मोठे कारण हाच ई. कोलाय आहे. जखमेत, रक्तात, शस्त्रक्रियेनंतर पोटात तो शिरला की त्याला मारावे लागते, आणि त्या वेळी औषध चालत नाही असे कळते. घरातली बाळंतीण, मधुमेह असलेले आजोबा, कर्करोगावर उपचार घेणारी आई, अशा माणसांवर ही वेळ आधी येते. 2019 या एका वर्षात जगभर सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

हा धोका कोणाला ठाऊकच नव्हता असे नाही. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच एक काल्पनिक घर उभे केले होते. घरातल्या पुरुषाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणून स्वतःच थोडेसे घेतो, जिवाणूंना मारण्याइतके नव्हे, शिकवण्याइतके. शिकलेले जिवाणू त्याच्याकडून पत्नीकडे जातात, आणि तिला दिलेले पेनिसिलिन निष्फळ ठरून ती दगावते. व्याख्यानाला ऐंशी वर्षे झाली. त्या घरात फ्लेमिंग यांनी दोनच माणसे ठेवली होती. आपल्या घरात तिसरा जीव आहे, चुलीजवळ किंवा सोफ्यावर झोपणारा. तो जेवतो आपल्याबरोबर, चाटतो आपल्या मुलांचे हात, आणि आजारी पडला की औषध घेतो पुष्कळदा आपल्याच फळीवरचे. आपण तर प्रतिजैविकांच्या कारखान्याचे शेजारी. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशाची सार्वजनिक क्षेत्रातली पहिली औषध कंपनी, आणि तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या औषधाने या जिल्ह्यात किती जीव वाचवले असतील! ते औषध जपण्याची जबाबदारीही या जिल्ह्याने इतरांपेक्षा जास्त ओळखायला हवी, असे मला वाटते.

आता पुरावा. कुत्र्या-मांजरांचा या साखळीशी संबंध आहे हे कशावरून? चीनमध्ये 2015 साली एमसीआर-1 नावाचे जनुक सापडले. कोलिस्टिन हे जुने औषध मूत्रपिंडाला त्रास देते, म्हणून डॉक्टर ते बाजूला ठेवतात आणि बाकी सगळे हरल्यावर शेवटी काढतात. त्या शेवटच्या औषधाला निकामी करणारे, शिवाय सुट्या कड्यावरून इकडून तिकडे जाणारे असे हे जनुक. पुढच्याच वर्षी ग्वांगझू शहरातल्या एका रुग्णाच्या जिवाणूंत ते आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तो माणूस पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करत होता. तपासणाऱ्यांनी त्या दुकानातल्या 39 कुत्र्यांची आणि 14 मांजरांची विष्ठा तपासली, तेव्हा 4 कुत्र्यांत आणि 2 मांजरांत तेच जनुक निघाले. दुसरे उदाहरण फिनलंडचे. 2015 साली तिथल्या एका घरात कानाच्या जुनाट दुखण्याने हैराण झालेल्या दोन कुत्र्यांत एनडीएम-5 हे कार्बापेनेम गटाची औषधे फोडणारे विकर बनवणारा ई. कोलाय मिळाला, आणि त्याच घरातल्या एका माणसाच्या आतड्यातही तो राहत होता. एनडीएम या नावातली पहिली दोन अक्षरे नवी दिल्लीची आहेत. स्वीडनमधल्या एका रुग्णात, जो दिल्लीत उपचार घेऊन परतला होता, या घराण्यातले विकर प्रथम ओळखले गेले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेम गटाच्या औषधांना दाद न देणारे 24 जिवाणू तपासले तेव्हा 22 जणांजवळ एनडीएम-1 होते. रुग्णालयातली गोष्ट काही वर्षांत उत्तर युरोपातल्या कुत्र्याच्या कानापर्यंत गेली, एवढे लक्षात घ्या.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. अमेरिकेत 2016 ते 2018 या काळात 18 राज्यांतल्या 118 माणसांना कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूमुळे जुलाब झाले. मूळ निघाले दुकानांतून विकल्या गेलेल्या कुत्र्याच्या पिल्लांत. हे जिवाणू नेहमीच्या औषधांना बधत नव्हते. पिल्लांचे कागद तपासले तेव्हा दिसले की सुमारे दीडशे पिल्लांपैकी 95 टक्के पिल्लांना विक्रीआधी किमान एकदा प्रतिजैविक दिले होते, आणि निम्म्याहून अधिक पिल्लांना ते केवळ खबरदारी म्हणून. आजार नव्हता. आजार होऊ नये म्हणून औषध! विकणाऱ्याला हे शहाणपण वाटले असेल. प्रत्यक्षात ती जिवाणूंची शिकवणी होती.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण अर्धवट ऐकून कोणी भलताच निष्कर्ष काढू नये. या साखळीत कुत्रा आरोपी नाही. त्याच्या पोटात हे जिवाणू येतात कुठून? काही त्याला दिलेल्या औषधांनी वाढतात. जुलाब लागले की मेट्रोनिडाझोल, गोचीड ताप आला की डॉक्सिसायक्लिन, कातडीला खाज सुटली की सेफॅलेक्सिन, आणि काहीच नेमके कळले नाही की एन्रोफ्लॉक्सासिन. हे शेवटचे औषध जनावरांचे म्हणून विकले जाते, पण शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे आपण जुलाबावर आणि लघवीच्या जळजळीवर घेतो तेच. जनावरांचे औषध वेगळे आणि माणसांचे वेगळे ही समजूत जिवाणूंना मान्य नाही. काही जिवाणू अन्नातून येतात. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासात असे दिसले की कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणारा ई. कोलाय इतरांपेक्षा अधिक वेळा मिळतो. तिथे कच्चे मांस खाऊ घालणे ही हौस आहे. आपल्याकडे ती काटकसर आहे: चिकनच्या दुकानातली आतडी, पंजे, मुंडकी कुत्र्याला टाकायची. कोंबडीच्या आतड्यात जे असेल ते कुत्र्याच्या आतड्यात जाते. आणि काही जिवाणू येतात सरळ आपल्याकडून, आपल्या सांडपाण्यातून, उघड्या गटारातून, उकिरड्यातून. कुत्रा आपण टाकलेले खातो आणि आपण सोडलेले पितो. त्याच्या आतड्यात डोकावले तर आपल्याच सवयी दिसतात.

पाण्याचा विषय निघाला आणि आपण बसलो आहोत पानशेतला. पानशेत धरण फुटले ती 12 जुलै 1961 ही तारीख या सभागृहात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. वरचे पाणी खाली जाते हे पानशेतने जितक्या किमतीने शिकवले तितके महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या गावाने शिकवले नसेल. आंबी नदीवरचे पानशेत, मोसेवरचे वरसगाव, मुठेवरचे टेमघर, आणि या सर्वांचे पाणी घेणारे खडकवासला; या धरणांच्या साखळीवर पुणे शहर पाणी पिते. याच मुठा नदीच्या गाळावर 2017 साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नचिकेत मराठे आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहरातला गाळ आणि शहराच्या वरच्या अंगाचा गाळ घेऊन त्यातल्या जनुकांची मोजदाद केली. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी 175 प्रकारची प्रतिकार-जनुके त्यांना मिळाली. शहरातल्या गाळात अशा जनुकांचे प्रमाण वरच्या गाळाच्या तीसपट होते. तीसपट! कारण उघड आहे, प्रक्रिया न झालेले किंवा अर्धवट झालेले सांडपाणी.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, मग दोष शहराचा, आम्ही तर वरचे. बरोबर आहे, मोठा दोष शहराचाच आहे, आणि तो मी झाकणार नाही. पण त्याच अभ्यासातली एक नोंद वाचून थांबावे लागते. कोलिस्टिन निकामी करणारे ते एमसीआर-1, ज्याची गोष्ट मघाशी ग्वांगझूच्या दुकानात आली, ते शहरातल्या एकाही नमुन्यात मिळाले नाही. ते मिळाले फक्त एका नमुन्यात, आणि तो नमुना शहराच्या वरच्या अंगाचा होता. एका नमुन्यावरून कोणावर बोट ठेवता येत नाही आणि मी ठेवणार नाही. कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवण्यासाठी घातले जात होते. केंद्र सरकारने 2019 साली खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. पण वरचे ते सगळे निर्मळ, ही आपली समजूत त्या एका नमुन्याने मोडली आहे. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या येतात, गाड्यांतून कुत्री उतरतात, धरणाच्या काठावर पार्ट्या होतात, हाडे आणि उष्टे मागे राहते. गाडीतून आलेला कुत्रा आठवडाभर दवाखान्याची औषधे घेऊन आलेला असू शकतो. वाडीवरचा कुत्रा मागे राहिलेले उष्टे खातो. दोघांची विष्ठा पावसाळ्यात एकाच ओढ्याने धरणात उतरते. वरचे आणि खालचे ही वाटणी पाण्यापुरती आहे. कुत्र्या-माणसांची ये-जा दोन्ही दिशांनी चालते.

यावर आक्षेप घेतले जातात आणि ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की पाळीव प्राण्यांचा वाटा मुळात फार लहान आहे. हे खरे आहे. नेदरलँड्समध्ये 2019 साली एक मोठा हिशेब मांडला गेला: समाजातल्या माणसांच्या आतड्यांत विस्तारित शक्तीची, म्हणजे सेफॅलोस्पोरिन गटाची औषधेही फोडणारी विकरे बाळगणारा ई. कोलाय येतो कुठून? उत्तर आले की सुमारे 60 टक्के माणसाकडून माणसाकडे, सुमारे 19 टक्के अन्नातून, आणि पाळीव प्राण्यांकडून सुमारे 8 टक्के. मग आठ टक्क्यांसाठी एवढे व्याख्यान कशाला? माझे उत्तर दोन पदरी आहे. एक, ती सरासरी साऱ्या देशाची आहे. ज्या घरात कुत्रा अंथरुणात झोपतो आणि नुकताच प्रतिजैविक घेऊन उठला आहे, त्या घराला देशाच्या सरासरीचा आधार घेता येत नाही. दोन, आणि हे अधिक महत्त्वाचे: रुग्णालयाचे सांडपाणी, कोंबड्यांचे खाद्य, कारखान्याचा निचरा यांवर तुमचा-माझा हात पोहोचत नाही, तिथे कायदा आणि सरकार लागते. कुत्र्याच्या तोंडात जाणारी गोळी मात्र आपल्याच बोटांत असते. जो आठ टक्के हिस्सा आपल्या हातात आहे, तो इतरांचा हिस्सा मोठा आहे म्हणून सोडून द्यायचा का?

दुसरा आक्षेप काळजातून येतो. मुके जनावर तळमळत असताना औषध अडवून ठेवायचे? मुळीच नाही. ज्याला औषधाची गरज आहे त्याला ते मिळालेच पाहिजे, आणि ते पूर्ण मात्रेत, डॉक्टर सांगतील तितके दिवस मिळाले पाहिजे. पण गरज कधी असते? कुत्र्याला अचानक लागलेले साधे जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबतात. युरोपातल्या पशुवैद्यकांनी 2024 साली पुरावे चाळून जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत सौम्य आणि मध्यम जुलाबांसाठी प्रतिजैविक देऊ नये असेच म्हटले आहे. पाणी, हलके अन्न, लक्ष ठेवणे, एवढे बहुधा पुरते. पार्व्हो हा विषाणूचा आजार आहे. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. पार्व्होने आतडे सोलवटून निघालेल्या पिल्लाला, रक्तात जिवाणू शिरण्याची भीती असते म्हणून, डॉक्टर प्रतिजैविक देतात आणि ते योग्य आहे. पण ते पिल्लू त्या अवस्थेला येऊच नये यासाठी लस आहे. लस टोचलेले प्रत्येक पिल्लू म्हणजे इंजेक्शनांची एक वाचलेली पेटी. ज्याला जनावराची खरी कणव आहे त्याने याच कारणासाठी औषध जपायला हवे, कारण औषधे निकामी झाली की आपल्या कुत्र्याचा कानही बरा होणार नाही आणि मांजराची जखमही भरणार नाही.

तिसरा आक्षेप या डोंगरातला आहे आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. घोल किंवा दापसरे गावात कुत्रे आजारी पडले तर गुरांचा डॉक्टर कुठे शोधायचा? रस्ता, पाऊस, गाडीभाडे, दिवसाची मजुरी. मग घरातली उरलेली अर्धी पट्टी कुस्करून भाकरीत घालतात, किंवा मेडिकलमध्ये जाऊन लक्षणे सांगून गोळ्या आणतात. यात बेपर्वाई कमी आणि नाइलाज जास्त आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा कोणालाच अधिकार नाही. कायदा आहे. 1 मार्च 2014 पासून एच-1 ही अनुसूची लागू आहे. तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेमसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विकल्यावर डॉक्टरचे, रुग्णाचे, औषधाचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. पण जिथे चिठ्ठी लिहिणारा नाही तिथे चिठ्ठी मागणारा कायदा अर्धाच राहतो. उपाय दवाखाना जवळ आणण्याचा आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सातारा जिल्ह्यात, आपल्यापासून फार लांब नाही. तिथले विद्यार्थी आणि शिक्षक वर्षातून दोनदा या खोऱ्यात लसीकरणाला, तपासणीला आले आणि त्याच वेळी कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेचे नमुने घेऊन गेले, तर मुठेच्या वरच्या अंगाचा खरा नकाशा आपल्याच भागात तयार होईल. आज आपण ग्वांगझू, फिनलंड, नेदरलँड्सचे दाखले देतो. आपल्या वाड्यांचे दाखले आपल्याजवळ असायला हवेत.

आणखी एक भीती दूर करतो. हे ऐकून कोणी कुत्रे सोडून देईल, मांजर पोत्यात घालून लांब नेऊन टाकेल, तर ते पाप तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. सोडलेले कुत्रे उकिरड्यावर जगते आणि ज्या जिवाणूंची आपल्याला भीती आहे त्यांच्यातच वाढते. धनगराच्या कळपाला राखणारा कुत्रा, घरातले धान्य राखणारी मांजर, यांच्याशी आपले नाते या धरणापेक्षा कितीतरी जुने आहे. ते मोडायचे कारण नाही. कुत्र्या-मांजरांची विष्ठा उचलून खड्ड्यात पुरली, मुलांनी जेवणाआधी साबणाने हात धुतले, कोंबडीची आतडी कच्ची न टाकता शिजवून घातली, आजारी जनावराला फळीवरची जुनी गोळी न देता डॉक्टरला निदान फोनवर विचारले, तर नाते आहे तसेच राहते आणि जिवाणूंची वाट बरीच अरुंद होते.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी आपल्या ग्रामसभा भरतात. येत्या ग्रामसभेत हा विषय नाव घालून मांडा: खोऱ्यात ठरलेल्या दिवशी येणारा जनावरांचा फिरता दवाखाना, पिल्लांचे लसीकरण, आणि धरणकाठी पडणाऱ्या कोंबडीच्या घाणीची विल्हेवाट. ठराव करा, त्यावर सह्या घ्या, एक प्रत जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला आणि दुसरी पुणे महानगरपालिकेला पाठवा. महानगरपालिकेला का, असे कोणी विचारले तर सांगा, हे पाणी तुम्ही पिता म्हणून.